घर विकून बँक भागली, पण विवरणपत्राचे काय?

धंदा बसला, हप्ते थकले, म्हणून माजिवड्यातील घर विकले आणि सारी रक्कम बँकेत गेली. हाती काहीच उरले नाही, मग कर कसला, असे आपल्या अनेक व्यापारी-कारागीर बांधवांना वाटते. हा गैरसमज आहे. स्वतः गहाण टाकलेल्या मालमत्तेचे कर्ज फेडले, तरी ती रक्कम भांडवली नफ्यातून वजा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्ट केले. शिवाय रेडी रेकनरप्रमाणे होणारी किंमत सौद्याच्या ११० टक्क्यांहून जास्त असेल, तर तीच विक्री किंमत धरली जाते. दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेल्या घरात खरोखर तोटा आला, तर विवरणपत्र मुदतीतच भरा. तरच तो तोटा पुढील ८ वर्षे दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो. खरेदीखत व बँकेचे कागद जपून ठेवा.