रेल्वेच्या खेळातील भारताचा नकाशा

भूगोलाच्या तासाला भिंतीवर नकाशा टांगला म्हणजे विद्यार्थी गावांची नावे पाठ करितात. परंतु एका गावाहून दुसऱ्या गावी कोणत्या वाटेने जावे, याचा विचार त्यांजकडून क्वचितच होतो. ही उणीव भरून काढण्यास ‘टिकेट टू राइड’ हा पटावरील खेळ उपयोगी आहे. अ‍ॅलन मून यांनी रचिलेला हा खेळ २००४ साली निघाला. त्याचा मूळ पट उत्तर अमेरिकेचा. २०११ साली निघालेल्या पुरवणी पटाच्या एका बाजूस स्वित्झर्लंड व दुसऱ्या बाजूस १९११ सालचा भारत आहे. भारताची बाजू इयान व्हिन्सेंट यांची असून तीवर २ ते ४ जण खेळू शकतात. डबे व पत्ते मात्र मूळ संचातील घ्यावे लागतात.

खेळाची रीत सोपी आहे. प्रत्येकाजवळ ४५ डबे असतात. पाळी आली की रंगीत पत्ते उचलावे, किंवा पुरेसे पत्ते देऊन दोन गावांमधील एक टप्पा आपल्या डब्यांनी व्यापावा, किंवा नवी तिकिटे घ्यावी. तिकिटावर दोन गावे असतात. ती जोडिली तर गुण मिळतात, न जोडिली तर तितकेच गुण वजा होतात. एका डब्याच्या टप्प्यास १ गुण, तर सहा डब्यांच्या टप्प्यास १५ गुण मिळतात.

मूळ पटावर तिकिटातील गावे एकदा जोडिली की काम संपते. भारताच्या पटावर तसे नाही. तिकिटातील दोन्ही गावे एकही टप्पा सामाईक नसलेल्या दोन मार्गांनी जोडिली, म्हणजे वर्तुळ पुरे होते. अशा एका तिकिटास ५, दोहोंस १०, तिहींस २०, चोहोंस ३० आणि पाच वा अधिक तिकिटांस ४० जादा गुण मिळतात. म्हणून नवी तिकिटे घेत सुटावे, की उरलेल्या डब्यांनी परतीची वाट बांधावी, हा खरा पेच असतो. लोभाने घेतलेले तिकीट अपुरे राहिले तर जमविलेले गुणही जातात.

या नियमामागे व्यवहारातील सत्य आहे. मुंबईहून मडगावास रेल्वेने जाण्यास पूर्वी मिरज-लोंढ्यावरून घाट उतरणे भाग होते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली व किनाऱ्याकाठाने दुसरी वाट मिळाली. पावसाळ्यात कोकणात दरड कोसळली, तर काही गाड्या जुन्या वाटेने वळविता येतात. वर्तुळाचा लाभ तो हाच.

वर्ग मोठा असल्यास चार गट करावे व प्रत्येक गटाने एक खेळाडू म्हणून खेळावे. पत्ते देण्यापूर्वी गटाने आपसांत चर्चा करावी. संच मिळण्याजोगा नसल्यास जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर आपल्याच तालुक्याचा नकाशा काढावा, रस्त्यांचे टप्पे पाडावे आणि डब्यांच्या जागी चिंचोके घ्यावे. खेळ संपल्यावर विद्यार्थ्यांस एकच प्रश्न विचारावा : ओढ्यावरील पूल पाण्याखाली गेला, तर दवाखान्यास पोहोचण्याची दुसरी वाट कोणत्या गावास आहे व कोणत्या गावास नाही? त्याचे उत्तर विद्यार्थ्यांनी नकाशावर बोट ठेवून दिले, म्हणजे तो नकाशा त्यांस समजला असे मानण्यास हरकत नाही.