सूर्य मावळताना वाजणारे हुकूम

४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन साजरा झाला. मोठा नाविक तळ नसलेल्या ठिकाणी नौदलाने एवढा मोठा सोहळा पहिल्यांदाच केला. युद्धनौका आल्या, विमानं डोक्यावरून गेली, आणि पांढऱ्या गणवेशातला नौदलाचा बँडही वाजला. दुसऱ्या दिवशी लोक बोलत होते ते विमानांबद्दल. मला मात्र त्या सगळ्या संध्याकाळची सर्वांत जुनी आणि सर्वांत नवलाची गोष्ट वाटते ती बँडची. आज तो सोहळ्याची शोभा वाटतो, पण त्यातलं बरंच काही एके काळी हुकूम होतं. वायरलेस नव्हता, लाउडस्पीकर नव्हता, तेव्हा हजार माणसांना एकाच क्षणी एकच गोष्ट सांगायचा तो मार्ग होता.

बीटिंग रिट्रीटचंच बघा. दिल्लीत विजय चौकात २९ जानेवारीला ते होतं, मुंबईत नौदल ते गेटवे ऑफ इंडियासमोर करतं. त्याचं मूळ युरोपातल्या तटबंदीच्या गावांत आहे. सूर्य मावळला की ढोल वाजायचा. बाहेर असलेल्या शिपायांनी परत यायचं, पहारे बसायचे, वेशी बंद व्हायच्या. आता हीच गोष्ट आपल्या किल्ल्यांना लावून पाहा. रायगडावरच्या हिरकणीची सगळी कथा सूर्यास्ताला बंद झालेल्या दरवाजावरच तर उभी आहे! मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी २५ नोव्हेंबर १६६४ ला पूजा होऊन कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. त्या सिंधुदुर्गाच्या दरवाजावरही नगारखाना आहे. नगारखान्याची जागा दरवाजावर, कारण दरवाजा उघडणं, मिटणं, कोणाचं येणं, कोणाचं जाणं हे सगळं तिथूनच गावाला आणि समुद्राला ऐकवायचं असे.

हे साम्य योगायोगाचं असेल असं वाटतं, पण वाद्यांच्या बाबतीत तर थेट रक्ताचं नातं निघतं. जोडीने वाजणारे नगारे पश्चिम आशियातून दोन्हीकडे पसरले. पूर्वेकडे ते सुलतानांच्या आणि मोगलांच्या दरबारी आले. अकबराचा नक्कारखाना आइन-इ-अकबरीत सविस्तर वर्णिला आहे, आणि बादशहा स्वतः नगारा चांगला वाजवी असंही अबुल फजल सांगतो. तिथून नौबतीची रीत दख्खनच्या दरबारांत, मराठ्यांच्या गडांवर आणि देवळांत रुजली. पश्चिमेकडे तेच नगारे क्रुसेडांच्या काळात युरोपात पोचले. पुढे अठराव्या शतकात ऑस्मानी तुर्कांच्या मेहतेर या लष्करी वादकपथकांची युरोपीय राजांना एवढी भुरळ पडली की मोठा ढोल आणि झांजा त्यांनी आपल्या पलटणींत घेतल्या. मोझार्टने १७८२ च्या एका ऑपेरात मुद्दाम हे तुर्की वाजप वापरलं. म्हणजे नौदलाच्या बँडमधला मोठा ढोल इंग्रजांनी इथे आणला असला, तरी त्याचा आजोबा आणि आपल्या नगारखान्यातल्या नगाऱ्याचा आजोबा एकाच घरातले.

जहाजावर ढोलापेक्षा शिट्टी कामाची. बोसनची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची, शिट्टी हातात मावेल एवढी असते, पण तिचा तीव्र आवाज वारा आणि शिडांची फडफड कापून जातो. बोटांनी तिच्या गोळ्यावरची हवा कमीजास्त अडवली की सूर चढतो, उतरतो. तिच्या भागांची नावंही जहाजाचीच आहेत: नळी म्हणजे तोफ, गोळा म्हणजे बोया, खालची पट्टी म्हणजे जहाजाचा कणा. मोठा अधिकारी जहाजावर चढताना ती आजही वाजते. पूर्वी भर समुद्रात पाहुण्याला दोराच्या खुर्चीत बसवून वर ओढत. ओढा, थांबा, सोडा हे खलाशांना शिट्टीनेच सांगत. त्या ओढाओढीची पुढे मानवंदना झाली!

बिगुलाची गंमत तर आपल्या कानाला लगेच कळेल अशी आहे. बिगुलाला ना भोकं, ना कळा. नुसती गुंडाळलेली नळी, आणि सूर बदलायचा तो ओठांच्या ताणाने. अशा नळीतून निसर्गतः जे सूर निघतात, त्यातले हुकुमांना वापरले जातात ते जेमतेम पाच: मंद्र षड्ज, मंद्र पंचम, मध्य षड्ज, गंधार, पंचम. म्हणजे सा, ग आणि प. उठा, जेवायला या, निशाण उतरवा, हल्ला करा, सगळं या तीन स्वरांच्या उलटसुलट मांडणीत! आपली तुतारीही भोकाविना असते, म्हणून तिचा कायदा तोच. आणि थोडे सूर हीच इथे खुबी आहे, कारण गोंधळात, धुरात, दूर अंतरावर सा, ग, प यांच्यात माणसाची गफलत होत नाही.

आंबोलीचा घाट चढून बेळगावला गेलं की मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र लागतं. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या किती घरांच्या भिंतीवर या रेजिमेंटच्या गणवेशातला फोटो असेल! तिच्या बिल्ल्यावर बिगुल आहे. लाइट इन्फंट्रीचे शिपाई रांगेत दाटीने उभे न राहता विखरून, पुढे जाऊन लढत. तोंडी हुकूम त्यांच्यापर्यंत पोचत नसे, म्हणून बिगुल. तिची एक पलटण, 'काली पांचवी', १८४० मध्ये बलुचिस्तानातल्या कहान किल्ल्यात वेढा पडला असता तग धरून राहिली आणि त्यानंतर तिला लाइट इन्फंट्री म्हणवून घ्यायचा मान मिळाला.

लाइट इन्फंट्रीची परंपरागत चालही वेगळी. इतर पायदळ मिनिटाला १२० पावलं टाकतं, ही १४०. इथे एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १२० च्या चालीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं. तेव्हा ढोलापासून १७० मीटरवरच्या शिपायाला ठोका ऐकू येतो तो बरोबर एक पाऊल उशिरा. त्याने प्रामाणिकपणे ठोक्यावर डावं पाऊल टाकलं, तर पुढच्यांचं त्या क्षणी उजवं पडत असेल. १४० च्या चालीत हे उलटं पाऊल १४६ मीटरवरच येतं. चाल जितकी जलद तितकी आवाजाची वेस जवळ. लांब संचलनात बाजूने पाहिलं तर पायांतून लाट सरकताना दिसते, ती शिपायांची चूक नसते, आवाजाची गती डोळ्यांना दिसत असते. म्हणून तर मोठ्या परेडला एक बँड पुरत नाही आणि त्याची जागा नीट विचार करून ठरवावी लागते. ज्या गोष्टीला आपण शिस्त म्हणतो, तिला भौतिकशास्त्राने आखून दिलेली लांबी आहे, हे मला विलक्षण वाटतं.

एवढं सगळं वाजवायला माणसं लागतात, तीही लिहिलेलं संगीत वाचणारी. ती मिळाली तेरेखोल नदीच्या पलीकडे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ब्रिटिश हिंदुस्थानात पलटणींना, पोलिसांना, संस्थानिकांना बँड हवे झाले, तेव्हा कागद समोर ठेवला की वाजवू शकणारी तयार माणसं गोव्यात होती. देशभरच्या बँडांत गोवेकर पसरले, आणि त्यांचं ऋण आपण पुरेसं मोठ्याने मान्य केलेलं नाही.

अलीकडची गोष्ट मराठी मुलखातलीच आहे. महार रेजिमेंटवरच्या एका कवितेवरून 'शंखनाद' ही लष्करी धून तयार झाली. कविता ब्रिगेडियर विवेक सोहल यांची, संगीत नागपूरच्या डॉ. तनुजा नाफडे यांचं. २०१९ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती वाजली. तिच्यामागे तीन राग आहेत: बिलासखानी तोडी, भैरवी, किरवाणी. सा, ग, प एवढंच बोलणाऱ्या बिगुलाला यातलं काही जमणार नाही. कोमल रिषभ त्याच्या वापरातल्या सुरांत नाहीच. ते शक्य झालं १८१० च्या दशकात जर्मनीत पितळी वाद्यांना दाबायचे व्हॉल्व्ह बसले म्हणून. किरवाणी बँडला सोपा जातो, कारण त्याचे स्वर पाश्चात्त्यांच्या हार्मोनिक मायनरचेच आहेत आणि त्यावर संवादी सुरांचे थर सहज बसतात. अवघड आहे तो बिलासखानी. त्याचे स्वर भैरवीचे, चलन मात्र तोडीचं; त्याचा जीव मींडेत, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाण्यात असतो, आणि ट्रंपेटचे व्हॉल्व्ह एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारतात, घसरत नाहीत. बँडच्या पितळी वाद्यांत खरीखुरी मींड घेऊ शकेल असं एकच वाद्य आहे, हाताने नळी पुढेमागे सरकवायचा ट्रॉम्बोन.