नदीकाठचा बंब

मेलबर्नच्या मराठी माणसाला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी असते आणि दिवाळीची सुट्टी कधीच नसते. 2018 साली मात्र पंचांग आमच्यावर प्रसन्न झालं. मेलबर्न कपचा मंगळवार आणि नरक चतुर्दशी एकाच दिवशी, 6 नोव्हेंबरला आली. सोमवारची रजा टाकली की शनिवारपासून चार दिवस मोकळे! आम्ही तीन कुटुंबांनी ठरवलं, यंदाची पहिली अंघोळ मरे नदीच्या काठी, तंबू ठोकून करायची.

सासूबाई त्या वर्षी साताऱ्याहून आमच्याकडे आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. वय बहात्तर, पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त. त्यांनी एकच अट घातली. "जंगलात येते, तंबूत झोपते, म्हणशील तिथे जाते. पण दिवाळीची अंघोळ गार पाण्यानं करायची नाही. मी नाही, पोरांनीही नाही."

एचुकाच्या परिसरात नदीकाठी नोव्हेंबरची पहाट दहा-बारा अंशांची असते. आम्ही जिथे उतरणार होतो तिथे ना वीज, ना नळ, ना न्हाणीघर. शेकोटीवर पातेली ठेवून अकरा माणसांचं पाणी तापवायचं तर पहिली अंघोळ संपायला दुपार झाली असती. म्हणून मी कॅम्पिंगचा गॅस गीझर विकत घेतला. घरात यंत्रांची खटपट माझ्याकडे असते. नवरा स्वयंपाक उत्तम करतो, पण पाना त्याच्या हाती दिला की पान्यालाच काहीतरी होतं.

खोकं उघडून गीझर अंगणात मांडला तेव्हा आई शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्याचं काम कसं चालतं ते मी त्यांना सांगितलं. खाली गॅसची ज्योत, वर तांब्याची वेटोळी नळी. एका बाजूनं गार पाणी शिरतं, नळीतून फिरताना तापतं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतं.

"अगं, हा तर बंबच की!" आई म्हणाल्या. "आमच्या बंबात मध्ये जाळ, भोवती पाणी. वरून गार ओतलं की तोटीतून तेवढंच ऊन पाणी बाहेर. फक्त ह्याला बंबफोड लागत नाही."

त्यांचं खरंच होतं.

मांडणी कशी केली

गेल्या काही वर्षांत मंडळातल्या बऱ्याच जणांनी या गीझरबद्दल विचारलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पाण्यापासून सुरुवात. नदीचं पाणी थेट वापरलं नाही. मरेचं पाणी गढूळ, गाळ आत गेला तर नळीच्या तोंडाची जाळी लगेच तुंबते. गावातल्या नळावर 20 लिटरचे जेरीकॅन भरून घेतले. जेरीकॅन गाडीच्या टपावर ठेवला तर पाणी आपोआप येईल असं आमच्या एका मित्राचं मत होतं. पाणी येतं, पण गीझर पेटत नाही. कारण पाण्याचा पुरेसा दाब आल्याशिवाय आतलं बटण दाबलंच जात नाही. त्यासाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा 12 व्होल्टचा छोटा पंप लागतो. पंप सुरू केला की पाणी वाहतं, त्या दाबानं आतला पडदा सरकतो, दोन मोठ्या सेलवर ठिणगी पडते, गॅसची झडप उघडते आणि भप्पकन ज्योत पेटते. पाणी थांबलं की ज्योतही विझते. त्यामुळे साबण लावताना शॉवर बंद ठेवला तर पाणीही वाचतं, गॅसही वाचतो.

आता गॅस. आमचा सिलिंडर 4 किलोचा. त्याच्या जोडणीचे आटे उलटे होते, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरवून घट्ट करायचे. हे विसरून मी दहा मिनिटं सुलट फिरवत बसले आणि सिलिंडरच खराब आहे असा निकाल दिला. अलीकडे इथे हातानं घट्ट करायच्या नव्या पद्धतीच्या जोडण्या आल्या आहेत. तुमच्या सिलिंडरला आणि गीझरला कुठली आहे ते निघण्याआधी पाहून घ्या. रेग्युलेटर गीझरवरच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबाचाच हवा. गीझरवर ऑस्ट्रेलियातलं प्रमाणपत्राचं चिन्ह आहे की नाही तेही पाहा. स्वस्तात मागवलेल्या काही गीझरवर ते नसतं.

सगळं जोडलं की सिलिंडर उघडायचा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधू नये, हे सांगायला नको. पहिल्यांदा पेटवताना नळीत हवा असते, तेव्हा दोन-तीन वेळा नुसतीच टकटक होते. घाबरू नका.

गॅस किती लागतो? एका माणसाला 12 लिटर पाणी धरा. 14 अंशांचं पाणी 40 अंशांवर न्यायला साधारण 35 ग्रॅम गॅस जळतो. म्हणजे 4 किलोच्या सिलिंडरमध्ये कागदावर शंभराच्या वर अंघोळी होतात. वाऱ्यात काही कमी होतील, पण चार दिवसांच्या सहलीला गॅस संपेल ही भीती नको. आधी संपतं ते पाणी.

अंगणात सगळं सुरळीत चाललं. आईंनी पाण्याखाली हात धरला आणि म्हणाल्या, "विसणसुद्धा लागणार नाही."

शनिवारची संध्याकाळ

नदीकाठी पोहोचलो तेव्हा वारा सुटला होता. प्रचंड रेड गम झाडांपासून लांब, मोकळ्यावर तंबू ठोकले. ही झाडं वारा नसतानाही मोठाल्या फांद्या टाकतात. प्रवासाच्या धुळीनं सगळे वैतागले होते, म्हणून मी गीझर लावला. पण वाऱ्यानं ज्योत विझायची. विझली की सुरक्षेसाठी गॅस आपोआप बंद व्हायचा आणि शॉवरखालून "आईऽऽ, गार!" अशी हाक यायची.

चार वेळा असं झाल्यावर मी गीझर उचलला आणि गझीबोत नेऊन टांगला. वारा येऊ नये म्हणून गझीबोच्या तीन बाजूंचे कापडी पडदे चेन लावून बंद केले. चौथ्या बाजूला अंघोळीचा तंबू खेटून उभा केला. ज्योत आता विझेना. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त बाहेर वापरा. ते मी वाचलं होतं. पण आपण जंगलात आहोत, घरापासून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब. याहून बाहेर ते काय, असं मला वाटलं. मी इंजिनियर आहे, हेही इथे लाज न बाळगता लिहिते.

आधी माझी अंघोळ झाली. डोकं थोडं ठणकत होतं, ते मी गाडी चालवण्याच्या खाती टाकलं. मग अकरा वर्षांची लेक आत गेली. तिला गरम पाण्याखाली उभं राहायला आवडतं, तशी ती उभी राहिली. गीझरची ज्योत मघाशी निळी होती, आता पिवळट दिसत होती. कंदिलाच्या उजेडामुळे असेल, असं मला वाटलं.

आई नातीचा टॉवेल घेऊन आल्या. पडदा बाजूला केला, टांगलेला गीझर पाहिला आणि ओरडल्या, "बंद कर आधी ते! पोरीला बाहेर काढ!" पंधरा वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. मी सिलिंडर बंद करेपर्यंत त्या आत शिरल्या आणि लेकीला टॉवेलात गुंडाळून मोकळ्यावर घेऊन आल्या. लेक म्हणाली, "आजी, डोकं जड झालंय. मळमळतंय." तिचे पाय लटपटत होते.

आम्ही तिला तशीच गाडीत घालून जवळच्या गावातल्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "तंबूत काय पेटवलं होतं?" माझंही रक्त तपासलं. दोघींच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला. काही तास नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. उशिरा रात्री डोकं हलकं झालं आणि त्यांनी आम्हाला सोडलं.

हा वायू का फसवतो ते डॉक्टरांनी समजावलं. गॅसला पुरेशी हवा मिळाली नाही की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की धोका असला तर वास येईलच. पण जळून तयार होणाऱ्या या वायूला तो वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग हातापायातली शक्ती जाते. आपलं काही चुकतंय हे समजेपर्यंत दाराशी जाण्याचं बळ उरत नाही.

परत आल्यावर आई बराच वेळ शेकोटीशी गप्प बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या गल्लीत एक नवी सून आली होती. लग्नाला पाच महिने झाले होते. न्हाणीघरात गॅसचा गीझर, थंडीचे दिवस, म्हणून खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलेलं. पोरगी अंघोळीला गेली ती बाहेर आलीच नाही. दार तोडलं तेव्हा गीझर चालूच होता." थोडं थांबून म्हणाल्या, "बंब धूर करायचा, डोळे चुरचुरायचे, ठसका लागायचा. माणूस आपोआप बाहेर यायचा. ही नवी यंत्रं काही सांगत नाहीत गं."

मी त्यांना अंगणात गीझर कसा चालतो ते सगळं सांगितलं होतं. जळायला हवा लागते, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

मंगळवारची पहाट

रविवारी मी गीझर घरी न्यायला गाडीत टाकला. आईंनी तो परत काढायला लावला. "जाळ वाईट नसतो, जागा चुकते. नीट लाव. मंगळवारी माझी अंघोळ व्हायची आहे."

या वेळी गीझर मोकळ्या आकाशाखाली, लोखंडी तिकाटण्यावर टांगला. वर छत नाही, भोवती पडदा नाही. वाऱ्याच्या बाजूला पण चांगली लांब गाडी उभी केली, तेवढ्या आडोशानं ज्योत टिकली. अंघोळीचा तंबू दोन मीटरवर, आणि वारा तंबूकडून गीझरकडे जाईल अशा बेतानं ठेवला. आत गेली ती फक्त गरम पाण्याची नळी. गीझरपाशी सतत एक मोठं माणूस उभं राहणार, असा नियम केला.

मंगळवारी पहाटे साडेपाचला पणत्या लागल्या. पाटाभोवती रांगोळी काढली. आईंनी सगळ्यांना तेल लावलं, उटणं लावलं. मोती साबणाच्या वड्या त्यांनी साताऱ्याहूनच आणल्या होत्या. कारीट मिळालं नाही, काकडीच्या चकतीवर भागवलं. तेला-साबणाचं पाणी नदीत जाऊ नये म्हणून सगळा सरंजाम काठापासून शंभर मीटर लांब मांडला होता. लेक आत जायला कचरत होती. आई म्हणाल्या, "मी बाहेर उभी आहे. तू आतून गाणं म्हण, मला ऐकू येत राहील." ती गात राहिली आणि आई गीझरची निळी ज्योत बघत उभ्या राहिल्या. सूर्य उगवायच्या आत अकराही जणांच्या अंघोळी झाल्या. सर्वांत शेवटी आईंची. बाहेर आल्या, औक्षण झालं आणि म्हणाल्या, "माहेरच्या बंबाची आठवण झाली."

निघताना सिलिंडर बंद केला आणि गीझरच्या खालची बुचं काढून पाणी सांडून टाकलं. रात्री गोठायची थंडी पडली तर आत राहिलेलं पाणी नळी फोडतं. सिलिंडर गाडीत उभा बांधला, काचा थोड्या खाली ठेवल्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो.

तो गीझर आता मंडळातल्या कुणालाही मागितला की मिळतो. फक्त सोबत दोन गोष्टी घ्याव्या लागतात. पहिली, कार्बन मोनॉक्साइडचा छोटा गजर. तो झोपायच्या तंबूत लावायचा आहे. गजर आहे म्हणून गीझर आत आणायची परवानगी नाही. आणि दुसरी, गीझरच्या मुठीला बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. ती आईंनी साताऱ्याला परत जाण्याआधी स्वतःच्या हातानं लिहिली आहे. अक्षर आता पुसट होत चाललंय, म्हणून वर प्लास्टिक चिकटवलंय:

"पाणी आत, जाळ बाहेर. आभाळ दिसत नसेल तर पेटवू नये."