आपल्याच देशाविरुद्ध हेर!

दोस्तांनो, हेरगिरीचा सिनेमा म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? सुसाट मोटारी, पेनात लपवलेलं पिस्तूल आणि शेवटी हसत हसत परतणारा हीरो! १९५१च्या 'डिसिजन बिफोर डॉन' या इंग्रजी चित्रपटात यातलं काही म्हणजे काही नाही. यातला हेर आहे एक अबोल जर्मन पोरगा. आणि तो हेरगिरी करतो ती चक्क जर्मनीविरुद्ध!

१९४४-४५चा हिवाळा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरणार हे दिसतंय, पण हिटलर थांबायला तयार नाही. सैन्यात जखमींची शुश्रूषा करणारा कार्ल माउरर अमेरिकनांच्या कैदेत आहे. युद्धाबद्दल शंका बोलून दाखवली म्हणून त्याच्या मित्राला कैदेतलेच कट्टर नाझी ठार मारतात. तेव्हा कार्ल ठरवतो, ही लढाई लवकर संपावी म्हणून आपण अमेरिकनांना मदत करायची. त्याला टोपणनाव मिळतं 'हॅपी'. (नाव हॅपी, पण गडी क्वचितच हसतो!) काम काय, तर पॅराशूटनं जर्मनीत उतरायचं आणि रणगाड्यांचं एक मोठं दल नेमकं कुठं आहे ते शोधून परत यायचं.

मग आगगाडी, बस, खानावळी आणि जागोजागी कागदपत्रांची तपासणी. आपल्याच पोटात गोळा येतो! बरं, वाटेत भेटणारे सगळेच काही राक्षस नसतात. युद्धानं पिचलेली हिल्डा त्याच्याशी मायेनं वागते. तिच्याशीही त्याला खोटंच बोलावं लागतं.

मला सगळ्यात भिडला तो कर्नलचा प्रसंग. हृदयविकार असलेल्या एका जर्मन कर्नलची देखभाल हॅपीच्या गळ्यात पडते. हाच कर्नल एका पळपुट्या सैनिकाला मृत्युदंड देतो. त्याचं औषध आता हॅपीच्या हातात. जरा हात आखडला तरी काम तमाम! पण हॅपी त्याला वाचवतो. हेर झाला तरी रुग्णसेवा सुटत नाही.

हॅपी झालेला ऑस्ट्रियन नट ऑस्कर वेर्नर स्वतः १९४४मध्ये जर्मन सैन्यातून पळाला होता आणि बायको-मुलीसह व्हिएन्नाजवळच्या जंगलात लपला होता. दिग्दर्शक अनातोल लिटवाक ज्यू. नाझी आल्यावर त्यांना जर्मनी सोडावी लागली होती. तरी युद्ध संपून सहाच वर्षं झालेली असताना त्यांनी एका भल्या जर्मन मुलाची गोष्ट सांगितली, आणि तीही जर्मनीत जाऊन. पडद्यावर दिसणारी पडकी घरं सेट नव्हेत, बॉम्बहल्ल्यात खरोखरच उद्ध्वस्त झालेली शहरं आहेत ती.

शेवटी परतीच्या वाटेवर नदी आडवी येते. सोबत अमेरिकन अधिकारी रेनिक, ज्याला जर्मन हेर म्हणजे गद्दारच वाटत आलेत. पहारेकरी जवळ येतात. हॅपी मुद्दाम त्यांच्या तावडीत सापडतो, आणि तेवढ्यात रेनिक पोहत पलीकडे निसटतो.

सिनेमा मिळाला तर आईबाबांना घेऊनच बघा. संपल्यावर त्यांना विचारा, हॅपी देशद्रोही होता का हो? आमच्या घरी तर दोन तट पडले होते!