उंची किती, जागा कुठली, डोकं कसं?

पाऊस सरला, मैदानं सुकली की पेडणे आणि डिचोली तालुक्यांत टेनिसबॉल क्रिकेटच्या लीगचे वारे वाहू लागतात. पण मैदानावर पहिला चेंडू पडण्याआधी हॉलमध्ये हातोडा पडतो. हा खेळाडूंचा लिलाव. प्रत्येक संघमालकाला ठरावीक पॉइंट, आयकॉन खेळाडू आधीच राखलेला, बाकीच्यांची नावं एकेक करून पुकारली जातात. नाव आलं रे आलं की मागच्या खुर्च्यांवर चर्चा सुरू. ‘शॉट आहेत, पण चण लहान.’ ‘ओपनिंगलाच जाणार म्हणतो, खाली खेळायला तयार नाही.’ आणि सगळ्यात जड शेरा: ‘तो बरो खेळटा, पूण आयकना.’

दर वर्षी जूनच्या आसपास अमेरिकेत एनबीए या बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट होतो, तेव्हा लाखो चाहते नेमके याच तीन मुद्द्यांवर हमरीतुमरीवर येतात. तिथे बोली लागत नाही. संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात आणि आदल्या मोसमात मार खाल्लेल्या संघांना आधी संधी मिळते. पद्धत वेगळी, वाद तोच: पोरगा उंचीला पुरेल का, खेळेल कुठे आणि स्वभावाने कसा आहे? गोव्यापासून सॅक्रामेंटोपर्यंतचे हे किस्से वाचा आणि पुढच्या लिलावाला जाताना लक्षात ठेवा.

उंची

एका संघात दोन टोकं. १९८७ च्या ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टन बुलेट्सनी बाराव्या क्रमांकावर मग्सी बोग्सला घेतलं. उंची ५ फूट ३ इंच. त्याच संघात आधीपासून मनूट बोल होता, ७ फूट ७ इंच. दोघांचा शेजारी उभा असलेला फोटो आजही फिरतो. बोग्स एनबीएत १४ मोसम टिकला. समोरच्याने चेंडू जमिनीवर आपटला की तो हात घालून पळवायचा, कारण तिथे खाली त्याच्याइतकं जवळ कोणीच नसायचं. १९९३ मध्ये तर त्याने ७ फुटी पॅट्रिक ईविंगने टोपलीकडे टाकलेला चेंडू अडवून दाखवला.

बूट काढा, मग सांगा. एनबीएत वर्षानुवर्षं बुटांसह मोजलेली उंची छापली जायची आणि खेळाडू त्यात आपल्या सोयीने भरही घालायचे. २०१९ मध्ये लीगने फर्मान काढलं की प्रत्येक संघाने अनवाणी उंची मोजून कळवावी. एका रात्रीत कित्येक जण इंच-दोन इंचांनी ‘लहान’ झाले. खेळ मात्र कुणाचाच लहान झाला नाही.

पर्वरीची तोफ. २००८, आयपीएलचा पहिला मोसम. राजस्थान रॉयल्सने सलामीला उभा केला गोव्याचा स्वप्नील अस्नोडकर. चण लहान, पाठीमागे मोठं नाव नाही आणि दुसऱ्या टोकाला धिप्पाड ग्रॅमी स्मिथ. जयपूरला कोलकात्याविरुद्ध पदार्पणातच त्याने ३४ चेंडूंत ६० धावा फटकावल्या आणि सामनावीर ठरला. मोसमात ९ सामन्यांत ३११ धावा, आणि शेवटी रॉयल्सच्या हातात करंडक. शेन वॉर्नने त्याचं नाव ठेवलं ‘गोवा कॅनन’.

इथे वजनकाटा आडवा येतो. बास्केटबॉलमध्ये देहाला वरची मर्यादा नाही. प्रो कबड्डीत आहे: ८५ किलो. त्यामुळे इथल्या लिलावात ताकद आणि चपळाई यांचा हिशेब जास्त काटेकोर असतो. गोव्यापासून जवळच्या चंदगड तालुक्याचा चढाईपटू सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडे ३६.४० लाखांना आला. धिप्पाड देहयष्टीमुळे चाहत्यांनी त्याला ‘बाहुबली’ केलं, आणि त्याने चढायांत २१८ गुण लुटले. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने मोजले १.४५ कोटी. देह तोच होता. वर्षभरात लोकांना दिसला तो त्याचा वापर.

उंची दार उघडते, पुढे चालावं लागतं आपणच. पंजाबच्या बल्लो के गावचा ७ फूट २ इंची सतनामसिंग भामरा २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडलेला तो पहिला भारतीय. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्याच वर्षी ७ फूट ५ इंचांचा सिम भुल्लर सॅक्रामेंटो किंग्जकडून एनबीएत उतरलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू ठरला. तो खेळला तीन सामने.

जॉर्डनच्या जागी कोण? मायकेल जॉर्डन शाळेत असताना मोठ्यांच्या संघात त्याच्या बरोबरीचा एक मुलगा घेतला गेला, लीरॉय स्मिथ. कारण सरळ होतं: संघाला उंची हवी होती आणि लीरॉय ६ फूट ७ इंच होता. जॉर्डन तेव्हा ६ फुटांच्याही आत होता. पुढे तो ६ फूट ६ इंच झाला. १९८४ च्या ड्राफ्टमध्येही त्याच्याआधी दोन उंच सेंटर, म्हणजे टोपलीजवळ खेळणारे खेळाडू, निवडले गेले. त्यातला हकीम ओलाजुवान महान ठरला. दुसरा, सॅम बोवी, आज ओळखला जातो तो जॉर्डनच्या आधी निवडला गेला म्हणून.

जागा

शिवोलीत आलेला चेंडू. गोव्यात फुटबॉल रुजवला तो फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूने, १८८३ मध्ये, शिवोलीत. शापोरा नदीच्या अलीकडे शिवोली, पलीकडे पेडण्याचं चोपडे. आज मध्ये पूल आहे. बार्देश-सासष्टीत फुटबॉल चर्चच्या शाळांमधून घरोघरी गेला. पेडणे-डिचोलीत मात्र क्रिकेट आणि कबड्डीचं वेड मोठं राहिलं. एका नदीच्या दोन काठांवर ‘आमचा खेळ’ म्हणजे काय, याचं उत्तर वेगळं मिळू शकतं.

विंगर मागे सरला आणि पुढे गेला. गोव्याचा मंदार राव देसाई डाव्या बाजूने सुसाट धावणारा विंगर. २०१७ मध्ये आयएसएल या फुटबॉल लीगने देशी खेळाडूंचा ड्राफ्ट घेतला तेव्हा एफसी गोवाने आधीच राखून ठेवलेल्या दोघांत तो होता. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्याला मागे ओढून लेफ्ट बॅक केलं. आक्रमकाला बचावात पाठवलं की अनेक जण हिरमुसतात. मंदारने तीच जागा आपली केली. मागून धावत आला की समोरचं सगळं मैदान त्याला मोकळं दिसायचं. २०१९ मध्ये तो भारताकडून खेळला, तोही बचावपटू म्हणून. २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीबरोबर आयएसएल जिंकला आणि स्पर्धेत १०० सामने गाठणाऱ्या पहिल्या मोजक्या खेळाडूंत पोचला.

सचिनला व्हायचं होतं वेगवान गोलंदाज. १९८७ मध्ये तो चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये पोचला. डेनिस लिली यांनी पाहिलं आणि सांगितलं, तू फलंदाजीकडे लक्ष दे. नकार वेळेवर आणि नेमका मिळाला तर तो किती उपकारक ठरतो, याचं याहून मोठं उदाहरण शोधायची गरज नाही.

आठ इंच वाढलेला गार्ड. अँथनी डेव्हिस शाळेत चेंडू खेळवणारा गार्ड होता. मग अठरा महिन्यांच्या आसपास तो तब्बल आठ इंच वाढला आणि ६ फूट १० इंचांवर पोचला. जागा बदलली, हातातलं कसब राहिलं. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक त्याचा. लहानपणी एकाच जागेला जखडलं नाही की मोठेपणी अशी दुहेरी कमाई होते.

रणदिवेंच्या संघाने सोडलेला हिरा. सॅक्रामेंटो किंग्जचे प्रमुख मालक आहेत विवेक रणदिवे, मुंबईत जुहूला वाढलेले. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये त्यांच्या संघाचा क्रमांक दुसरा होता. समोर होता स्लोव्हेनियाचा १९ वर्षांचा लुका डॉन्चिच, त्याच वर्षीचा युरोपातल्या युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू. चाहत्यांमध्ये रण पेटलं: पाय संथ आहेत का? चेंडू खेळवायला डीॲरन फॉक्स आहेच, मग दोघं एकत्र कसे बसतील? किंग्जनी ६ फूट ११ इंचांचा मार्विन बॅग्ली घेतला. डॉन्चिच तिसरा गेला, अटलांटाने त्याला त्याच रात्री डॅलसला देऊन टाकलं आणि पुढच्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला. २०२४ च्या जानेवारीत त्याने एका सामन्यात ७३ गुण ठोकले. प्रतिस्पर्धी होता अटलांटा. बॅग्लीने २०२२ मध्ये किंग्ज सोडलं. आपल्याकडे एक गार्ड आहे म्हणून दुसरा नको, हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो आणि मैदानावर महाग पडतो.

जाहिरातीत हरवलेला महानायक. २०१४ मध्ये ४१ व्या क्रमांकावर निकोला योकिचचं नाव पुकारलं गेलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात सुरू होती. सेंटरच्या जागी उभा राहून गार्डसारखे पास देणारा हा गडी पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि २०२३ मध्ये त्याने डेन्व्हरला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं.

वृत्ती

बुटक्या पोरींची घेराबंदी. पुन्हा रणदिवे, पण संघमालक होण्याच्या आधीचे. कॅलिफोर्नियात मुलीच्या शाळकरी बास्केटबॉल संघाला ते शिकवू लागले. पोरी ना उंच, ना नेमबाजीत तरबेज. क्रिकेट-फुटबॉलवर वाढलेल्या रणदिवेंना प्रश्न पडला: चेंडू गमावला की सगळे मागे का पळतात? त्यांनी पोरींना पूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला चिकटून राहायला लावलं. चेंडू आत टाकायला ५ सेकंद, अर्धं मैदान ओलांडायला १० सेकंद. समोरच्यांची तिथेच तारांबळ. हा संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला. याच रणदिवेंनी पुढे एनबीए मुंबईत आणलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले, आणि पहिला सामना जादा वेळेत एका गुणाने पेसर्सनी जिंकला.

तोच स्वभाव, दोन निकाल. ड्रेमंड ग्रीन २०१२ मध्ये ३५ वा निवडला गेला. ६ फूट ६ इंच, म्हणजे आत खेळायला कमी आणि बाहेर खेळायला जड, असा शेरा होता. त्याच्या आगीने गोल्डन स्टेटला चार विजेतेपदं दिली. पण २०१६ च्या अंतिम मालिकेत ३-१ अशी आघाडी असताना त्याच्यावर एका सामन्याची बंदी आली, आणि क्लीव्हलंडने सलग तीन सामने जिंकून करंडक नेला.

मार खाल्लेल्या गोव्याची परतफेड. १९८९ मध्ये पणजीत तमिळनाडूने गोव्याविरुद्ध ६ बाद ९१२ धावा केल्या. एकाच डावात डब्ल्यू. व्ही. रामन आणि कृपालसिंग, दोघांची त्रिशतकं. १४ नोव्हेंबर २०२४ ला पर्वरीत स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, कश्यप बखले नाबाद ३००, आणि तिसऱ्या विकेटसाठी अरुणाचलविरुद्ध ६०६ धावांची अभंग भागी. रणजीतली ही सर्वांत मोठी भागी. आधीचा ५९४ चा विक्रम होता महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांच्या नावावर. त्रिशतकानंतरही विकेट न फेकण्याची भूक कोणत्याही टेपने मोजता येत नाही.

आडनावाचं ओझं. याच सामन्यात अर्जुन तेंडुलकरने २५ धावांत ५ बळी घेतले, प्रथम श्रेणीत पहिल्यांदाच. मुंबई सोडून गोव्याकडे आल्यावर २०२२ मध्ये राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पणात त्याने १२० धावा केल्या होत्या. वडिलांनीही १९८८ मध्ये रणजी पदार्पणात शतक ठोकलं होतं. लिलावात त्याच्या नावावर होणारी चर्चा बहुतेक वेळा आडनावाची असते. गोव्यात त्याला हवं होतं ते मिळालं: सामने.

३६ व्या वर्षी २.४० कोटी. गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेली, हवाई दलात अधिकारी असलेली वेगवान गोलंदाज शिखा पांडे. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात तिला ६० लाख मिळाले. नोव्हेंबर २०२५ च्या लिलावात यूपी वॉरियर्सने २.४० कोटी मोजले. वय वाढलं, किंमत चौपट झाली.

आता आपला लिलाव

पेडण्यात, साखळीत, डिचोलीत पुढच्या लिलावाला बसाल तेव्हा उंची जरूर विचारा, पण शेवटी विचारा. पंधरा-सोळाच्या पोराची उंची अजून पक्की झालेली नसते. त्याची जागा तर मुळीच नसते. त्याआधी एक संध्याकाळ नेटवर जाऊन उभे राहा. बाद झाल्यावर तो बॅट आपटतो, की पॅड सोडता सोडता पुढच्याला सांगतो, ‘चेंडू खाली राहतोय, जपून’? कोचने जागा बदलली तर तोंड पाडतो, की दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येतो? आणि ‘आयकना’ हा शेरा मारण्याआधी त्याला कुणी नीट समजावून सांगितलंय का, तेही पाहा. स्वभाव जन्मजात असतो असं आपण म्हणतो, पण सोळाव्या वर्षी त्याला वळण लावता येतं आणि ते काम मोठ्यांचं आहे. चण लहान म्हणून एकाही पोराला घरी पाठवू नका. एक मोसम त्याच्यावर पॉइंट लावून बघा.