बाप्पाला ‘अड्यू’ म्हणताना

अनंत चतुर्दशीनंतरचं इंग्रजी वर्तमानपत्र उघडावं, तर गिरगाव चौपाटीवरच्या मूर्तीचा फोटो आणि मथळ्यात बहुतेकदा एक ठरलेला शब्द : अड्यू. मुंबईने बाप्पाला अड्यू म्हटलं. दरवर्षी मला तो खटकतो.

शब्द मूळचा फ्रेंच. ‘आ’ म्हणजे ‘कडे’, ‘द्यो’ म्हणजे देव. ‘तुम्हाला देवाच्या हवाली करतो’ या जुन्या निरोपातले एवढेच दोन तुकडे शिल्लक राहिले. चौदाव्या शतकात तो इंग्रजीत आला. चॉसरच्या लेखनात तो सापडतो. सुरुवातीला तिथे एक नाजूक भेद पाळला जाई. निघणारा मागे राहणाऱ्याला ‘अड्यू’ म्हणे आणि मागे राहणारा निघणाऱ्याला ‘फेअरवेल’, म्हणजे नीट जा. एकाने दुसऱ्याला देवावर सोपवायचं, दुसऱ्याने त्याच्या वाटेसाठी शुभ चिंतायचं. किती समंजस वाटणी होती ती! पुढे ती पुसली गेली. ‘गुडबाय’च्या पोटातही देवच आहे, ‘देव तुमच्यासोबत असो’ हे वाक्य झिजून तो शब्द झाला. पण बोलताना कोणाला ते आठवत नाही.

फ्रेंच माणूस मात्र रोजच्या निरोपाला ‘ओ रव्वार’ म्हणतो : पुन्हा भेटेपर्यंत. ‘अड्यू’ तो सहसा राखून ठेवतो, आता गाठ पडणार नाही अशा वेळेसाठी. दक्षिण फ्रान्समध्ये काही ठिकाणी तोच शब्द भेटतानाही म्हणतात, आपल्या रामरामासारखा. पण एरवी त्याने दार लागतं ते कायमचं. इंग्रजीने शब्द घेतला, त्याची नजाकत घेतली. हा भार मात्र बराचसा फ्रान्समध्येच राहिला.

त्याचं पोर्तुगीज भावंड ‘आदेउस’ गोव्यात कोंकणीत रुळलं. ‘आदेउस करण्याची वेळ आली’ असं सांगणारा मांडो तिथे निरोपाच्या प्रसंगी गातात. विरहाच्या त्या संथ सुरांत शब्द अगदी आपल्या जागी बसतो.

बाप्पाच्या बाबतीत तो बसत नाही. देवालाच देवाच्या हवाली कसं करायचं? आणि आपण त्याला कायमचा निरोप देतच नाही. उत्तरपूजेच्या मंत्रातसुद्धा पुन्हा येण्याची विनंती आहे. रस्त्यावर लाखो गळे ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतात, तो ‘ओ रव्वार’च आहे, तोही घाई करणारा.

आमच्या घरी उत्तरपूजेला बाप्पाच्या तळहातावर चमचाभर दही ठेवतात, परगावी निघालेल्या लेकराच्या हातावर ठेवतात तसंच. मग अक्षता वाहून मूर्ती जागेवरून जराशी हलवायची. विसर्जन करून परतताना पाट रिकामा आणत नाहीत. नदीकाठची मूठभर वाळू त्यावर ठेवून घरी आणतात, आणि तिला हळद-कुंकू वाहून पुन्हा एकदा आरती होते.