उन्हाळा आहे म्हणून जाड ऑइल?

विदर्भात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की अनेक गॅरेजांत ठरलेला सल्ला मिळतो: ऊन फार आहे, जाड ऑइल टाका. रेडिएटर असलेल्या कारच्या बाबतीत हा सल्ला सहसा चुकीचा ठरतो. डब्यावरच्या 5डब्ल्यू-30 मधला पहिला आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा, तर दुसरा 100 अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहते त्याचा. त्या तापमानाला 30 ग्रेडचा दाटपणा 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक्स असतो, 50 ग्रेडचा 16.3 ते 21.9. म्हणजे मोजमापच मुळात मे महिन्याच्या उन्हापेक्षा कितीतरी वरच्या तापमानाचे आहे. शिवाय थर्मोस्टॅटमुळे कूलंटचे तापमान बारा महिने नव्वद अंशांच्या आसपास राहते. ऑइल बेअरिंगमधली उष्णताही वाहून नेते. गरजेपेक्षा जाड ऑइल तिथून कमी वाहते, स्वतःच्या घर्षणाने तापते आणि इंधनही जास्त खाते.

यावर कोणी म्हणेल, एअर-कूल्ड मोटारसायकलचे काय? भरलेली गाडी घेऊन घाट चढणाऱ्यांचे काय? ही शंका रास्त आहे. रेडिएटर नसलेल्या इंजिनात ट्रॅफिकमध्ये वारा लागत नाही आणि ऑइल खरोखरच फार तापते. पण त्याचे उत्तर अंदाजाने सापडत नाही. कंपनीने हवामानानुसार पर्यायी ग्रेड दिली असेल, तर ती मॅन्युअलमध्ये असते. बाइकमध्ये क्लचही बहुधा त्याच ऑइलमध्ये फिरतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए2 ही मानकाची खूण हवी. कारसाठी ग्रेडइतकीच मानकाची खूण पाहावी. 150 अंशांवर, वेगाने घासले जाताना ऑइल किती दाट राहते याची वेगळी चाचणी असते. तिथे 30 ग्रेडला किमान 2.9 मिलिपास्कल-सेकंद पुरतात, पण एसीईए सी3 मानक 3.5 मागते. आकडा तोच असूनही दोन डब्यांतले ऑइल सारखे नसते, ते यामुळे.

उष्णतेचा खरा घाव ऑइलच्या आयुष्यावर बसतो. ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना ऑक्सिडेशनचा वेग दुप्पट होतो. त्यातून गाळ साचतो. म्हणून मॅन्युअलमधल्या मानकाचे ऑइल, शक्यतो सिंथेटिक, घ्यावे. कडक वापरासाठी दिलेल्या कमी अंतरावर ते बदलावे आणि डिपस्टिकवर पातळी नियमित पाहावी, कारण ऑइल कमी असेल तर तेवढीच उष्णता थोड्या ऑइलला सोसावी लागते. जाड ग्रेडवर भिस्त ठेवण्यापेक्षा ही शिस्त इंजिनाला जास्त वाचवते.